दरोगा जालन्यात हरवला तेव्हा

केदारखेड्याच्या पुंजारामला गावातली माणसं फारशी पसंत नव्हती. भोकरदनची त्याहून नव्हती, आणि जालन्याचं नाव निघालं की तो नुसताच थुंकायचा. पूर्णेकाठी चांगली जमीन, दारात बैलजोडी, आणि तोंडात कुणाबद्दल धड शब्द नाही. सरपंच चोर, मास्तर झोपाळू, डॉक्टर अर्धवट. गावातली पोरं ट्रॅक्टर आणायला निघाली की हा म्हणायचा, "बापाला बैल हाकता येत न्हवता, पोरगं इंजिन हाकणार." माणसं त्याच्या ओट्याला वळसा घालून जायची.

वळसा न घालणारा एकच होता, तो म्हणजे त्याचा कुत्रा दरोगा. तांबडा, एक कान फाटका, छाती रुंद. येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरकावायचा म्हणून पुंजारामनंच हे नाव ठेवलं होतं. "या गावात माझ्या तोलाचा एवढाच हाये," असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. त्याची बायको गोजरबाई हे ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायची.

त्या साली हिवाळ्यात गोजरबाईच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. चुलीतला जाळ दिसेना, हात पोळायला लागले. तिचा धाकटा भाऊ शिवाजी जालन्यात सळईच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं दवाखान्यात नाव घातलं आणि निरोप धाडला, अक्काला घेऊन या, आठ-दहा दिवस आमच्याकडंच राहा.

"त्या पत्र्याच्या डब्यात?" पुंजाराम म्हणाला. शिवाजीनं वाटणीचं वावर भावाला देऊन शहर धरलं होतं. ते पुंजारामच्या लेखी नाक कापून घेण्यासारखं होतं. पण डोळ्याचं काम होतं, जावं तर लागणारच. मग दरोग्याचं काय? शेजाऱ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. एसटीत कुत्रं घेईनात म्हणून राजूरमार्गे जाणारी काळी-पिवळी जीप त्यानं थांबवली. ड्रायव्हर नाही नाही म्हणत होता, पण दरोगा आधीच चढून मागच्या सीटखाली बसला होता.

शिवाजीचं घर चंदनझिऱ्याला. दोन खोल्या, वर पत्रा, दारात पाण्याचे ड्रम. शिवाजीची बायको मालनबाई हसतमुख होती. तिनं दाजींना पाटावर बसवून चहा दिला. पुंजारामनं कपात डोकावून पाहिलं.

"हा चहा हाये का औषध?"

"दूध इकतचं हाये दाजी, जरा कमीच पडतं," मालनबाई हसून म्हणाली.

"इकतचं दूध, इकतचं पाणी. उद्या हवा पण इकत घ्या."

गोजरबाईनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि दाबला. गप बसा, असा त्याचा अर्थ होता. पुंजारामला तो अर्थ चाळीस वर्षांत कधी कळला नव्हता.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं. गोजरबाई डोळ्याला पट्टी लावून खाटेवर पडली. मालनबाई तिच्या उशाशी बसून कोथिंबीर निवडता निवडता गप्पा मारायची, गल्लीतल्या बायाही येऊन बसायच्या. पुंजारामला त्या दोन खोल्यांत बसवेना. सकाळी भाकरी खाल्ली की तो दरोग्याच्या गळ्यात दोरी अडकवायचा आणि जालना बघायला निघायचा. बघायला म्हणजे नावं ठेवायला.

सिंधी बाजारात त्यानं कापडाच्या दुकानांच्या रांगा पाहिल्या. नोकर दारात उभे राहून बोलवत होते, "या मामा, धोतरजोडी दाखवतो." तो दरोग्याला म्हणाला, "पाहाय. गिऱ्हाईकाला हात धरून वढायचं, याला धंदा म्हणतेत." मेथीची जुडी पाहून तर त्याला हसूच आलं. त्याच्या बांधावर बायका फुकट नेत त्याहून ती बारीक होती. नव्या जालन्यातून पूल ओलांडून जुन्या जालन्यात गेला, कुंडलिकेत वाकून बघितलं आणि नाकाला धोतराचा सोगा लावला. "ही नदी? आमच्याकडं म्हशीबी उतरायच्या न्हाईत हिच्यात." पलीकडं निघालेली एक बाई थबकली, त्याच्याकडं वरून खालपर्यंत बघून पुढं गेली. पुंजाराम खूश झाला. दिवस बरा चालला होता.

दरोगा मात्र शहरात वेगळाच वागत होता. गावात जो प्रत्येकावर गुरकावायचा, तो इथं कुणालाच गुरकावत नव्हता. इतके वास होते की त्याला फुरसतच नव्हती. दर खांबाशी थांबायचा, दर नालीत नाक घालायचा, हॉटेलाच्या मागच्या दाराशी बसकण मारायचा. पुंजाराम दोरी ओढायचा. "चल. या भिकाऱ्यांच्या उष्ट्यात तोंड घालतो व्हय?"

मोतीबागेत एकदा संध्याकाळी गेले. तिथं माणसं गोल गोल चालत होती. पांढरे बूट, हातात घड्याळ, चेहऱ्यावर कष्ट.

"हे कुठं चाललेत?" पुंजारामनं बाकड्यावरच्या एकाला विचारलं.

"कुठंच नाही. फिरतात. जेवण पचायला."

"आन मंग दिवसभर काय करतेत?"

"बसतात."

पुंजारामनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात साखळीला गुबगुबीत पांढरं कुत्रं बांधलेला एक गृहस्थ जवळ आला. त्यानं दरोग्याकडं बघून नाक मुरडलं आणि आपलं कुत्रं उचलून कडेवर घेतलं.

"कोणत्या जातीचं आहे हो हे?"

"काहून? सोयरीक जमवायची का?"

गृहस्थ तसाच पुढं निघून गेला. पुंजाराम ही गोष्ट रात्रीच्या जेवणापर्यंत तीनदा सांगत राहिला. शिवाजी पाळी करून आला होता, भुवया जळून आखूड झालेल्या. तो ऐकून हसला.

"हसून काय राह्यला?" पुंजाराम म्हणाला. "तूबी त्याच्यातलाच. वावर सोडून लोखंड भाजायला आलास. काय मिळवलं?"

शिवाजीचा घास हातात थांबला. मालनबाईनं मान खाली घातली. आतल्या खोलीतून गोजरबाईचा आवाज आला, "त्यांना पाणी दे गं मालन, ठसका लागंल." ठसका कुणालाच लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. फुले मार्केटजवळ एवढी गर्दी की माणूस माणसाला घासत होता. पुंजाराम एका दुकानदाराशी भांडत उभा राहिला. दुकानदार कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा म्हणून सांगत होता आणि तो बाभळीचा नव्हता. भांडण रंगलं, दोनचार माणसं जमली. पुंजारामनं दांडा त्याच्या तोंडावर फेकला, "तुमच्या गावात लाकूडसुद्धा खोटं," असं म्हटलं आणि मान ताठ करून निघाला. चार दुकानं पुढं गेल्यावर हातातली दोरी हलकी लागली. टोकाला नुसता फास होता.

आधी त्यानं शीळ घातली. मग हाक मारली. बाजारात दरोगा म्हणून ओरडल्यावर दोन पोलीस वळून बघायला लागले. तो त्याच कुऱ्हाडीच्या दुकानावर परत गेला.

"माझं कुत्रं पाह्यलं का? तांबडं. कान फाटका."

दुकानदारानं त्याला ओळखलं. दांडा उचलून जागेवर ठेवत म्हणाला, "आमच्या गावात कुत्रीसुद्धा खोटी असतात मामा. जा, पुढं बघा."

पुढं कापडवाला नोकर म्हणाला, धोतर घ्या मग सांगतो. रसवंतीवाला हसला, "गावठी कुत्र्यासाठी एवढं? घ्या की इथलंच एखादं, पायाखाली येतंय." एका बाईनं तर त्याच्याकडं बघितलंच नाही. आतापर्यंत पुंजाराम जे वाटत आला होता तेच त्याला परत मिळत होतं, आणि प्रत्येकापुढं थांबून त्याला विचारावंच लागत होतं. दुपार कलली तेव्हा त्याचा आवाज बसला होता. गांधी चमनच्या बागेच्या कठड्यावर तो टेकला. जवळून जाणारा एक तांबडा कुत्रा पाहून तो उठला. कुत्रं भुंकून पळालं. तो पुन्हा बसला.

घरी जाऊन त्यानं सांगितलं तेव्हा शिवाजी नुकताच पाळीवरून आला होता. कपडेही बदलले नव्हते. तो तसाच सायकल काढून निघाला. अंधार पडेपर्यंत फिरून रिकामा आला. सकाळी पुन्हा तयार.

"कामावर जाय," पुंजाराम म्हणाला.

"खाडा टाकला. बसा मागं."

सायकलच्या कॅरिअरवर बसून पुंजारामनं जालना दुसऱ्यांदा पाहिलं. या खेपेला त्यानं कशालाच नावं ठेवली नाहीत. शिवाजी जागोजागी थांबायचा. हमाल, रिक्षावाले, पोस्टातला शिपाई, चहावाले त्याच्या ओळखीचे निघाले. "आमच्या दाजींचं कुत्रं हाये, फार जीव त्यांचा," असं तो प्रत्येकाला सांगायचा. पुंजारामला ते ऐकून लाज वाटायची, पण त्यानं ते खोडलं नाही. शेवटी धान्याच्या मोंढ्यातल्या एका हमालानं पोत्याच्या थप्पीवरूनच हात केला. "साळूबाईच्या खानावळीत पाहा. कालपासून एक नवा पाव्हणा आलाय."

मोंढ्याच्या मागं पत्र्याची शेड होती. हमाल बाकड्यांवर जेवत होते. चुलीपुढं एक दांडगी बाई भाकरी भाजत होती आणि तिच्या पाठीमागं राखेच्या उबेला दरोगा आडवा पडला होता. पोट तट्ट फुगलेलं. शेजारी चोखून पांढरं केलेलं हाड.

"दरोगा!"

कुत्र्यानं मान उचलली. शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. मग मान परत पायांवर ठेवली.

पुंजाराम बघतच राहिला. हमालांतला एक हसला. "साहेब ड्यूटीवर हायेत."

"ऊठ. ऊठ म्हन्तो ना!"

"तुमचं व्हय बाबा?" साळूबाई भाकरी उलटत म्हणाली. "काय घालत व्हता त्याला? बरगड्या मोजून घ्याव्या अशा झाल्या व्हत्या. दात झिजलेत त्याचे, कोरडी भाकर चावत न्हाई त्याला. पाण्यात भिजवून दिली तवा खाल्ली."

दरोग्याचे दात झिजलेत हे पुंजारामला माहीतच नव्हतं. त्यानं फास कुत्र्याच्या गळ्यात घातला आणि ओढत बाहेर काढलं. दरोगा आला, पण प्रत्येक वळणावर बसत आला. शिवाजी सायकल हातात धरून शेजारून चालला.

"बोल की," पुंजाराम म्हणाला. "हास. तुझी पाळी हाये."

"हसण्यासारखं काय हाये दाजी त्यात?" शिवाजी म्हणाला. "पोट भरंल तिथं माणूस जातो. मी काय केलं वेगळं?"

पुंजारामनं दोरीचा हात बदलला. पण शिवी दिली नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी पुंजारामनं जायचं ठरवलं. गोजरबाई मात्र म्हणाली, "मी आठ दिवस राहाते. थेंब टाकायचेत डोळ्यात. मालन टाकती बराबर."

"थेंब मी टाकीन की."

"तुमी टाकाल, पण बोलून बोलून टाकाल." ती शांतपणे म्हणाली. "इथं बरं वाटतं मला. कुणी कुणाला नावं ठेवत न्हाई. जरा राहू द्या."

तो एकटाच जीपच्या अड्ड्यावर गेला, दरोग्याला घेऊन. ड्रायव्हर मागच्या गठड्या बांधत होता तेवढ्यात दरोग्यानं मान मागं घेतली, एकदा झटकली, आणि फास निसटला. तो पळाला नाही. रस्ता ओलांडून, रिक्षांच्या मधून, ओळखीच्या वाटेनं मोंढ्याकडं चालू लागला.

"बाबा, कुत्रं चाललं!" जीपमधल्या एका बाईनं सांगितलं.

"जाऊ द्या," पुंजाराम म्हणाला. "हरामखोर." आणि आत चढून बसला. राजूर येईपर्यंत त्यानं कुणाकडं पाहिलं नाही.

घर मोकळं होतं. भाकरी करपायची, वरण पातळ व्हायचं. ओट्यावर बसला की रस्त्यानं जाणारे नेहमीप्रमाणे वळसा घालायचे. जालना कसं आहे हे कुणीच विचारलं नाही. एकदा त्यानं स्वतःच मास्तरला हाक मारली, "अहो मास्तर, शहरात लोक पचवायला चालतेत म्हणं!" मास्तर "हो का" म्हणाला आणि निघून गेला.

आठ दिवसांनी तो बायकोला आणायला गेला. जीपमधून उतरला आणि चंदनझिऱ्याला जायच्या आधी मोंढ्यात शिरला. साळूबाईनं काही न विचारता ताट पुढं सरकवलं. दरोगा चुलीमागून उठून आला, त्याच्या धोतराला अंग घासलं, पावलावर हनुवटी टेकून बसला. अंगावर मांस आलं होतं.

"पिठल्यात तिखट कमी हाये," पुंजाराम म्हणाला.

"भाकर देऊ का अजून?" साळूबाई म्हणाली.

"दे."

जेवण झाल्यावर तो उठला. दोरी पिशवीतच राहिली. दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि वळून म्हणाला, "थंडीचं त्याचं मागचं ढोपर धरतं. पोतं टाकत जाय खाली."

"टाकलंय की," साळूबाईनं चुलीमागं बोट केलं. तिथं पोतं होतं. पुंजाराम चिडून बाहेर पडला.

गोजरबाई तयारच होती. मालनबाईनं तिच्या पिशवीत लोणच्याची बरणी घातली. शिवाजी पाळीवर गेला होता. "त्याला सांगा," पुंजाराम उंबऱ्यात म्हणाला, आणि काय सांगायचं ते त्याला सुचेना. "सांगा, तुरीच्या शेंगा धाडतो म्हणून."

परतीच्या जीपमध्ये एकजण जालन्याचं कौतुक करत होता. किती बाजार, किती दुकानं, म्हणच आहे, जालना सोने का पालना. पुंजारामनं घसा खाकरला. गोजरबाईनं नव्या डोळ्यानं त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"डॉक्टरनी दुसरा डोळाबी करायला सांगितलाय," ती म्हणाली. "होळी झाल्यावर यावं लागंल."

"मंग येऊ की," पुंजाराम म्हणाला. "भिकार गाव हाये. पण येऊ."