जपून ठेवलेलं

"अगं, 'हटवली' म्हणजे पुसली का?" कोठीवाल्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

पडद्यावर ठसठशीत लिहिलेलं होतं: फाईल सापडली नाही. ती हलवली, बदलली किंवा हटवली गेली असावी. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेली मुलगी पडद्याकडे डोळे लावून एकेक कळ दाबून बघत होती.

बाईंनी इस्पितळातल्या कपड्यांच्या कोठीवर एकतीस वर्षं काढलेली. चादरी कुठल्या फळीवर, अभ्रे कुठल्या, हे त्या डोळे मिटून सांगत. त्यांचे मिस्टर मात्र पाणीखात्यात पंप फिटर आणि घरी पसाऱ्याचे राजे. पाना खिडकीत, चष्मा फ्रीजवर, मोजे देव जाणे कुठे. "वस्तू जागच्या जागी ठेवली तर हात झिजतात का तुमचे?" हे वाक्य त्या घराच्या भिंतींनाही पाठ झालं असेल.

निवृत्त झाल्यावर फिटर हट्टानं कॉम्प्युटर शिकले आणि त्यांनी बायकोसाठी एक पान बनवलं. त्यात घरातल्या नळांचे, फ्यूजचे, गिझरचे फोटो. ते ब्राउझरमध्ये उघडायचं, फोटोवर टिचकी मारायची, की काय बिघडल्यावर काय करायचं ते त्यांच्याच आवाजात ऐकू यायचं. बाईंनी तेव्हा उडवून लावलं होतं. "तुम्ही आहात की! यंत्राला कशाला विचारू?" एकदासुद्धा ऐकलं नव्हतं. आता ते जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

मुलीनं दुसरा ब्राउझर उघडून पाहिला. तिथेही तेच रडगाणं.

"मावशी, खरं सांगा. कशाला हात लावला होतात?"

"मी? छे गं! नुसतं आवरलं. पडद्यावर उकिरडा करून ठेवला होता ह्यांनी. सगळं एका ठिकाणी नीट ठेवलं."

"कुठे?"

बाईंना काही केल्या आठवेना. कोठीतला एक टॉवेल कधी हरवला नव्हता त्यांच्याकडून, आणि आता हे! त्यांना स्वतःच्या हातांचा राग आला.

मुलीनं बरीच शोधाशोध केली. अखेर एका कोपऱ्यात एक फोल्डर निघालं. नाव होतं, 'जपून ठेवलेलं'.

"घ्या! जपून ठेवलं की सापडत नाही, असं माझी आई म्हणते ते काही खोटं नाही." मुलगी हसली. बाईंना हसू आलं नाही.

पान उघडलं, पण फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. टिचकी मारली तरी आवाज नाही.

"काकांनी प्रत्येक फाईलचा पूर्ण पत्ता लिहून ठेवलाय," मुलगी म्हणाली. "तुम्ही बिऱ्हाड हलवलंत, पत्ता जुनाच राहिला. ब्राउझर बिचारा जुन्या दारावर थाप मारून परत येतोय."

"मग आता गं?"

"आता काही नाही. काकांनी जिथे ठेवलं होतं, तिथेच परत ठेवायचं."

तिनं आधी एक प्रत काढून घेतली आणि माऊस बाईंच्या हाती दिला. बाईंनी त्या फोल्डरमधलं सगळं ओढत ओढत पुन्हा पडद्यावरच्या त्या उकिरड्यात नेऊन सोडलं. पान उघडलं. फोटो आले. त्यांनी पहिल्याच नळावर टिचकी मारली.

आधी ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"हं, ऐक. नळ फुटलाय ना? घाबरू नकोस. जिन्याखाली डाव्या हाताला मोठी चावी आहे, ती फिरव. आधी पाणी बंद कर. मग काय रडायचं ते रड."

तीन महिने बाई रडल्या नव्हत्या. आवरत होत्या. आता मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या पोटभर रडल्या. मुलगी पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

ती गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं. धुतलेल्या कापडात गुंडाळून ठेवलेला पाना बाहेर काढला, आणि नेऊन खिडकीत ठेवला. आधी सरळ ठेवला. मग जरा तिरका केला.