ओटीचा फोटो

"या फोटोत तुम्हीच ना, मावशी?"

पॅकहाउसच्या वकिलाने फोटो पुढे धरला. कुसाबाईने होकारार्थी मान हलवली. फोटोत मालकीण उज्ज्वलावहिनी तिची ओटी भरत होती. मागे द्राक्षांचे खोके दिसत होते. वकील न्यायाधीशांकडे वळला.

"मजुराची ओटी कोण भरतं, साहेब? या घरच्याच बायका. हंगामात हातभार लावायला येतात. यांना कसला किमान वेतनाचा कायदा?"

कुसाबाईला ना राग आला, ना रडू. पिंपळगावच्या त्या पॅकहाउसात कैक हंगाम तिने द्राक्षांचे घड निवडले होते. नवरा गेल्यावर सख्ख्या भावजयीनेही तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ऑफिसपुढे सगळ्या बायकांबरोबर तिचीही ओटी भरायची ती फक्त वहिनी. "विधवा झाली म्हणून काय झालं? माझी माहेरवाशीण आहे ती," असं सगळ्यांदेखत म्हणायची. त्याच वहिनीने आता हा फोटो वकिलाला दिला होता आणि ती मागच्या बाकावर बसली होती.

कोर्टाच्या पायरीवर संघटनेच्या मंजुषाताईंनी बजावलं होतं, "तुम्ही कामगार की घरच्या, एवढ्यावरच केस अडलीय. सगळ्या बायकांची मजुरी तुमच्या जबानीवर आहे."

"वहिनीनं ओटी भरली, खरंय," कुसाबाई म्हणाली. "मी पदर पसरला. पन साहेब, घरच्या बाईला उशीर झाला म्हनून कुनी फाटकातून माघारी धाडतं का? रोज कापायचा तवा आम्ही मजूर, वाढवून मागितला की घरच्या?"

"म्हणजे तुम्ही वहिनींच्या कुणी नाही?"

मागे वळून पाहावंसं तिला फार वाटलं. ती वळली नाही.

"नाय. कुनी नाय."

बायका केस जिंकल्या. मंजुषाताईंनी पेढे वाटले. पुढच्या हंगामात कायद्याप्रमाणे पूर्ण मजुरी प्रत्येकीच्या खात्यात जमा झाली. कुसाबाईने घरावर नवे पत्रे टाकले. आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

हंगाम संपला. शेवटचा कंटेनर हायवेला लागला तशा बायका सवयीने ऑफिसपुढे येऊन उभ्या राहिल्या. दार बंदच होतं. काचेआड वहिनी हिशेब बघत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"चल गं कुसा, टेम्पो सुटंल," मालनबाईने हाक मारली.

कुसाबाईने खाली पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत पदर कधीचा पसरलेला होता. तिने तो गोळा केला, कमरेला खोचला आणि ती टेम्पोत चढली.