बुडखा

सटवाजी कातारी आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की बायनाबाई वाढायचं थांबवून मांडी घालून बसायची, कारण ते लवकर आटोपणार नाही हे तिला ठाऊक असायचं. पूर्णा स्टेशनाच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. पुढे खराद, मागे चूल, आणि मधल्या पडद्याआड दोघांचा संसार. पाळण्याच्या दांड्या, बाजेचे पाय, लाटणी, बत्ते, जे म्हणाल ते सटवाजी घडवायचा. खरादावर लाकूड दोन खिळ्यांत अडकवायचं, एका टोकाला कमानीची दोरी गुंडाळून ते गरगर फिरवायचं आणि पटाशी लावायची. दोरी बसावी म्हणून त्या टोकाला जाड, रुंद बुडखा सोडावा लागतो. काम झालं की तो कापून टाकायचा.

सटवाजीची सगळी घमेंड त्या शेवटच्या कापात होती. "बुडखा ठेवलेलं काम म्हंजी नाळ न कापलेलं लेकरू," असं त्याचा बाप म्हणायचा, आणि बाप मेल्यावर तेच वाक्य सटवाजी गिऱ्हाइकांना ऐकवायचा. कुठं बुडखा कापला होता ते बोट फिरवूनही कळणार नाही, असं ते काम असायचं. ही गोष्ट हैद्राबाद तुटून आपण मुंबई राज्यात गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची. राज्यं बदलली, शाळेतली भाषा बदलली, सटवाजीची घमेंड तेवढी जागच्या जागी होती.

त्या वर्षी चैत्रात भुजंग सांधेवाला त्याच्या दुकानात आला. रेल्वेचे सांधे बदलायचं काम करणारा, चाळिशीतला, सडपातळ माणूस. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, दुसरी केली नाही. ड्यूटी, रेल्वेची एक खोली आणि गुरुवारचं भजन, एवढ्यातच त्याचा जन्म चालला होता. बायनाबाई पाण्याला गेल्याचं बघूनच तो आत शिरला असावा, हे सटवाजीच्या ध्यानात आलं.

"एक वस्तू करून पायजे," भुजंग खरादाकडे बघत म्हणाला. "शिसमाची. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड. टोक गोल. कुसळ म्हनून राहायला नगं कुठं. आन् रंग नगं, लाख नगं."

"करतो की. कशाला पायजे?"

"हाय एक काम." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "आन् बूड तसंच राहू द्या. रुंद. कापू नका."

सटवाजीनं हूं म्हटलं. खरं म्हणजे तेव्हाच त्याच्या मनात काहीतरी चमकून गेलं होतं. पण अशी गोष्ट मनात आली तरी माणूस तिच्याकडे पाठ करून बसतो. आपल्याला कळलंच नाही असं स्वतःलाही पटवतो. सटवाजीनं तेच केलं, आणि शिसमाचा तुकडा शोधायला लागला.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. दोन दिवस घासलं, तेल पाजलं. गालावरून फिरवून बघितलं, कुठं म्हणून टोचलं नाही. आणि मग हातात करवत घेऊन तो बसला. बूड ठेवा म्हणाला होता. पण इतकं देखणं काम, आणि खाली हा वाटीएवढा ओबडधोबड बुडखा! उद्या कुणी बघितलं तर म्हणेल, सटवाजीचा हात बिघडला. त्या सांध्याच्या दांड्या ओढणाऱ्याला कातकामातलं काय कळतंय? सटवाजीनं बुडखा कापला, टोक घासून गोल केलं, आणि समाधानानं विडी पेटवली.

भुजंग न्यायला आला तेव्हा बायनाबाई दारातच ज्वारी निवडत बसली होती. त्यानं वस्तू हातात घेतली, उलटी केली, आणि त्याचा चेहरा पडला.

"बूड?" तो हळूच म्हणाला.

"बुडखा ठेवलेलं काम ह्या दुकानातून जात न्हाई," सटवाजी म्हणाला.

"काय वो भाऊजी, बत्ता केलाव का?" बायनाबाईनं मान वर न करता विचारलं.

भुजंगचे ओठ हलले. त्याला सांगायचं होतं, हे उघड दिसत होतं. दुसरं करून द्या, किंवा हे असं चालत न्हाई, एवढंच. पण समोर बाईमाणूस, आणि एकदा कान लाल करून मागितलेली गोष्ट पुन्हा कोण मागणार? "व्हय, बत्ताच," तो म्हणाला, आणि पंच्यात गुंडाळून चालता झाला. ते बघून सटवाजीला जरा रागच आला होता. एवढं काम केलं, आणि माणूस छान म्हणाला नाही.

आठवड्यानं वैजीनाथ आला. भुजंगच्या शेजारच्या खोलीतला रुळावरचा मजूर. "भुजंग तुमाला बोलवायलाय," तो म्हणाला. "दोन दिस झाले ड्यूटीला न्हाई. पोट दुखतंय म्हन्तो. दवाखान्यात चल म्हनलं तर वसकन अंगावर येतोय."

सटवाजी गेला. भुजंग कुशीवर, पाय पोटाशी घेऊन पडला होता. वैजीनाथला त्यानं हातानंच बाहेर घालवलं, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कातारी, तुमची वस्तू आत गेली. खालून. भाईर येईना."

सटवाजी दाराला टेकला. मनात पाठ करून बसलेली गोष्ट आता तोंडासमोर उभी होती.

"मला म्हाईत होतं," भुजंग म्हणाला. "शिकंदराबादला होतो तवा एका जाणत्या मानसानं सांगितलं होतं, रुंद बूड असल्याबिगर हात लावू नको, आतडं वढून घेतं. म्हनून तुमाला म्हनलो होतो. मग वाटलं, धरून ठिवू. तेलाचा हात, निसटलं."

"चला दवाखान्यात. शंभर पावलावर हाय."

"तिथला मलमपट्टीवाला ड्रेसर आमच्या भजनात पेटी वाजवतो. त्याच्याम्होरं कसा पडू? तुमच्याकडं सांडशी असंल, चिमटा असंल. तुमीच काढा."

इथं सटवाजीनं त्याला उचलायला पाहिजे होतं. ओढत न्यायला पाहिजे होतं. पुढं जन्मभर तो हेच म्हणत राहिला. पण तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं दवाखाना आला, डॉक्टर विचारतोय हे कुणी केलं, आणि बाजारात लोक हसायलेत, बायनाबाई पदर तोंडाला लावून घरात बसलीय. चिमटा लावायचं धाडस त्याला झालं नाही, एवढीच अक्कल. "एरंडेल घ्या," तो म्हणाला. "सांजपत्तूर मोकळं व्हईल." घरून वाटीभर एरंडेल आणून त्यानं स्वतःच्या हातानं पाजलं. आणि खरं सांगायचं तर, बाहेर पडल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजीनाथ पळत आला. भुजंगचं पोट फळीसारखं कडक झालं होतं आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. दोघांनी त्याला बाजेवर घालून दवाखान्यात नेलं. शंभर पावलं. तीन दिवस तेवढंच अंतर होतं.

डॉक्टर माणिकराव म्हणजे ठेंगणे, चष्म्याचे, बारामतीकडचे. त्यांनी ड्रेसरला बाहेर उभं केलं, दार लावून घेतलं. तासाभरानं सटवाजीला आत बोलावलं. तामचिनीच्या ट्रेमध्ये ती वस्तू होती.

"निघाली," डॉक्टर म्हणाले. "पण आतडं फाटलंय. विष पोटभर पसरलंय. एरंडेल कुणी पाजलं?"

सटवाजीनं एरंडेल पाजलेला हात पाठीमागे नेला.

"दुपारच्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात पाठवतोय. टिकला तर नशीब." त्यांनी वस्तू उचलून उजेडात धरली. "काम सफाईचं आहे हो. कुसळ नाही, रंग नाही. ज्यानं सांगितलं त्याला सगळं कळत होतं. काच घेतली नाही, धारेचं काही घेतलं नाही, तेलही लावलं. खाली रुंद बूड तेवढं असतं, तर हा माणूस आज सांध्यावर उभा असता." मग त्यांचा आवाज चढला. "आणि आत गेलं त्याच तासाला आला असता तरी! मी काय त्याची वरात काढणार होतो? माणूस एकटा आहे, आपल्या खोलीत आपल्या देहाचं काहीतरी करतो, त्यात माझं काय गेलं? दुखलं की थांबावं, अडकलं की यावं, बाकी मला काही विचारायचं नाही. पण तुम्ही लोक लाजेपायी मरता!"

"तसंच असतंय का त्ये?" सटवाजीनं कसंबसं विचारलं. "बूड रुंद?"

"रुंदच पाहिजे. नाहीतर थांबणार कशानं?"

तेव्हा सटवाजीला आठवलं. कोवळेपणी तो हैद्राबादला एका उस्तादाकडे काम शिकायला होता. उस्तादाच्या कपाटात कापडात गुंडाळलेल्या अशाच दोन वस्तू होत्या, आणि दोन्हींना खाली बशीएवढं बूड होतं. म्हातारा आळशी झालाय, बुडखासुद्धा कापत नाही, असं वाटून तो मनात हसला होता.

गाडीला वेळ होता. भुजंगला फलाटावर बाकाशेजारी बाजेवरच ठेवलं होतं. सटवाजी उशाला बसला. त्याला म्हणायचं होतं, माझं चुकलं.

भुजंगनंच डोळे उघडले. "डॉक्टरनं लय इचारलं," तो म्हणाला. "तुमचं नाव सांगितलं न्हाई म्या."

"भुजंगराव..."

"कामून कापलंव वो?" एवढंच त्यानं विचारलं. रागानं नाही. एखाद्या गाडीला उशीर का झाला असं विचारावं तसं.

काम चांगलं दिसावं म्हणून, हे उत्तर त्या माणसाला कसं द्यायचं? सिग्नल पडला, गाडी सांध्यावरून खडखडत आत आली, तेव्हा पायथ्याशी उभ्या वैजीनाथनं भुजंगच्या नाकाशी हात धरला आणि आपल्या डोक्यावरचा रुमाल काढला. गाडी आपल्या वेळेला निघून गेली.

लोकांना सांगितलं, आतडं फुटलं. खोटं नव्हतं. गुरुवारी भजनात ड्रेसरनं पेटी वाजवली आणि रडला. बायनाबाईनं तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना विचारलं, "त्यो बत्ता नेलता की वो भाऊजीनं, त्याचं काय झालं आसंल?" तेव्हा सटवाजीनं ताट बाजूला सारलं आणि तिला सगळं सांगितलं. तिनं उठून चिमणीच्या दिव्याखालून एक लाकडाचा तुकडा काढून आणला. शिसमाचा रुंद बुडखा, वरच्या बाजूला करवतीची खूण. "जाळावंसं वाटंना म्हनून ठिवला होता," ती म्हणाली. "माझ्यादेखत मागत होतं बिचारं. मी बत्ता म्हनले."

त्यानंतर सटवाजीचा शेवटचा काप बिघडला. लाटण्याचं टोक खडबडीत राहायचं, गिऱ्हाइकं कुरकुरायची. तो काही बोलायचा नाही.

दीड-दोन वर्षांनी पालमकडून एक माणूस आला. धोतर, हातात पिशवी, वय पस्तिशीचं. दुकानाबाहेर तो बराच वेळ घुटमळला, बायनाबाई मागे गेल्यावर आत आला. वीतभर लांब, म्हणाला. शिसमाची. टोक गोल. बुडाबद्दल काही म्हणाला नाही, कारण त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

इतके दिवस सटवाजी ह्याच माणसाची वाट बघत होता. त्यानं त्याला हाताला धरून खाली बसवलं, तो बुडखा समोर ठेवला, आणि धडाधडा सांगायला लागला. "बूड पायजे भाऊ, रुंद, त्याबिगर म्या करून देत न्हाई. तेल भरपूर लावा. घाई करू नका, दुखलं की थांबा. आन् काई झालंच तर दवाखान्यात जा, त्याच घडीला, डॉक्टर काई म्हनत न्हाई, लाजू नका, म्या सांगतो ना—"

माणसाचा चेहरा राखेसारखा झाला होता. आपल्या मनातलं असं भर दुपारी, मोठ्यानं, परक्याच्या तोंडून त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. "तसं न्हाई, तसं न्हाई वो," तो पुटपुटला. "पोळ्या लाटायला पायजे होतं." आणि पिशवी उचलून जवळजवळ पळतच एस.टी.च्या रस्त्याला लागला.

सटवाजी अनवाणी त्याच्या मागे धावला. गाडी सुटली होती.

तरी त्यानं ती वस्तू केली. खाली वाटीएवढं रुंद बूड ठेवून, तेही घासून गुळगुळीत करून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. तो माणूस परत येईल म्हणून बाजाराच्या दिवशी सटवाजी दारात बसून राहायचा. माणूस आला नाही. गंगाखेडला एक कातारी होता, मानवतला एक होता, दोघांचाही हात चांगला होता. दोघंही बुडखा अगदी सफाईनं कापायचे.