भीमा पोचेपर्यंत केर नाही

घरातलं माणूस परगावी निघालं की ते पोचेपर्यंत मथुराबाई घरात झाडू फिरवू देत नसत. माहेरी, नातेपुत्याला, त्यांच्या आईनंही हेच पाळलं होतं. यजमान हिंदुराव एसटीवर ड्रायव्हर होते तोवर मात्र या नेमाला थोडी मुरड घालावी लागली, नाहीतर सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं ते घर केराखाली गडप झालं असतं.

या वेळी निघाला होता एकुलता एक भीमा, तोही थेट लंडनला, कापडाचं शिक्षण घ्यायला. आईनं डोळ्यांना पदर लावला तसा तो म्हणाला, “लांब कुटं हाय आई? साडेचार हजार मैल, पण मुंबईपासनं विमानाला नऊ तास. तू सकाळी माहेरी जाऊन रात्री परत येशील, तवर मी तितं.”

मथुराबाईंना ते मनापासून पटलं. नातेपुत्याइतक्या अंतरावरचं लेकरू काही परकं होत नाही. तरी त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलीच. कडक भाकरी महिनाभर टिकते, वाटेत काय अडचण येईल सांगता येत नाही.

हिंदुरावांना एकच खटकत होतं. टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरून चहा घेतल्याशिवाय एवढ्या लांब पल्ल्याची गाडी पोचतेच कशी? तरी दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, “झालं की नऊ तास. काढ आता केर.”

“पोचल्याची तार येऊ द्या.”

लेक नऊ तासांत गेला, पण त्याची खबर रमतगमत पाचव्या दिवशी आली. तोवर सोलापूरच्या धुळीनं घरात बस्तान मांडलं होतं. हिंदुराव शिंकून बेजार झाले आणि शेजारणी नाकाला पदर लावून तारेची चौकशी करू लागल्या.

सुखरूप पोचलो, एवढंच तारेत होतं. मथुराबाईंनी गल्लीत साखर वाटली, पदर खोचला आणि झाडू हातात घेतला. भीमाच्या खाटेखालची ट्रंक ओढली, तर मागून त्यांच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यातलं गाठोडं निघालं. गाठ त्यांनी मारलेली, जशीच्या तशी. विसरलं असतं तर त्यांनी ठेवलं होतं त्या कोनाड्यातच राहिलं असतं. हे भिंतीशी दाबून ठेवलं होतं. लेकाला आपल्या भाकरीची लाज वाटली, हे त्यांना लगेच कळलं. ते इतकं लागलं की त्या झाडू घेऊन तिथंच बसून राहिल्या.

दुपारी त्यांनी तीच भाकरी आमटीत चुरून नवऱ्यापुढं ठेवली. हिंदुरावांनी बोटं चाटली.

“झकास हाय की. भीमाला न्हाय दिलीस व्हय?”

“दिली व्हती.”

“मग?”

“ती न्हाय पोचली.” मथुराबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी मोडली. “लंडन लई लांब हाय वो.”