थ्रेलकेल्डच्या होडीचे कुलूप

मंगळवार, ६ नोव्हेंबर १८६०. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वेल्बर्नच्या कचेरीत जोसाया थ्रेलकेल्डने खणखणीत आवाजात सांगितले, "लिंकन."

केंटकीत मत चिठ्ठीवर देत नाहीत. कारकुनापुढे उभे राहायचे आणि मत मोठ्याने बोलायचे. सगळा गाव ऐकतो. कारकुनाची लेखणी थांबली.

"पुन्हा सांगा."

"लिंकन. ऐकू आलं ना?"

"ए जोसाया," मागून कुणीतरी ओरडले, "गाड्यांची चाकं करता करता डोक्याचंच चाक निखळलं का रे?"

हशा पिकला. कर्नल प्रुइट मात्र हसला नाही.

"बोललास? बरं झालं. आता माझी हेस्टर मला परत दे." त्याने मुकादमाला खूण केली. "जा, घेऊन ये तिला. उद्याच्या बोटीनं दक्षिणेला जाईल."

त्या वर्षी अध्यक्षपदाला चार उमेदवार होते. गुलामगिरीवरून डेमोक्रॅटिक पक्षाची दोन शकले झाली होती. तिसरा पक्ष त्या विषयावर तोंडच उघडत नव्हता. लिंकन एवढेच म्हणत होता, की गुलामगिरी आहे तिथे असू द्या, नव्या मुलखात नको. तेवढ्यानेही वेल्बर्नचे पित्त खवळले होते.

हेस्टर कर्नलची गुलाम. थ्रेलकेल्डच्या घरी ती वर्षाच्या कराराने कामाला होती. "मी गुलाम बाळगत नाही," असे थ्रेलकेल्ड पाहुण्यांना अभिमानाने सांगे. तो सांगत असताना पाहुण्यांच्या ताटात मक्याची भाकरी वाढत असे ती हेस्टरच. तो गुलाम बाळगत नव्हता, भाड्याने आणत होता. या गावात सज्जनपणाला इतकेच पुरते.

लिंकनला मत दिलंस तर हेस्टरला दक्षिणेत विकीन, ही कर्नलची धमकी रविवारीच मिळाली होती, चर्चच्या पायऱ्यांवर. मंगळवारी सकाळी न्याहारीला बसल्यावर थ्रेलकेल्डची बायको लव्हिनिया म्हणाली, "अहो, आज तोंड उघडू नका. तुम्ही बोलाल आणि भोगेल ही."

"मग आयुष्यभर गप्प बसू?" थ्रेलकेल्ड चुलीकडे वळला. "हेस्टर, तूच सांग. काय करू?"

हेस्टरने तवा खाली ठेवला.

"मालक, मान माझी, सुरी त्यांची, आणि विचारताय मला? माझ्या आईला विकलं तेव्हा कुठली निवडणूक होती?" ती क्षणभर थांबली. "ओरडायचं ते ओरडा. पण होडीची किल्ली त्या खुंटीवर ठेवून जा."

चुलीतले लाकूड तडतडले. गावाला लागून नदी आहे. पलीकडचा काठ ओहायो राज्याचा, तिथे गुलामगिरी नाही. हेस्टरचा नवरा ईनक सुटका मिळवून तिथे हमाली करतो. इकडे पाऊल ठेवायला त्याला कायद्याने बंदी आहे. दर रविवारी दुपारी तो पलीकडे उभा राहून लाल रुमाल हलवतो आणि हेस्टर इकडून फडके हलवते. लग्नाचा त्यांचा संसार एवढाच. म्हणूनच आमच्या काठावरच्या प्रत्येक होडीला साखळी आणि कुलूप असते.

"पळून जायला मदत केली तर वीस वर्षं तुरुंग आहे, हेस्टर," थ्रेलकेल्ड म्हणाला.

"मला किती वर्षं आहे, मालक?"

थ्रेलकेल्डने कोट चढवला, किल्ली खिशात टाकली आणि मत द्यायला निघाला. दहा वाजून वीस मिनिटांनी त्याने जे शौर्य दाखवले, ते ती किल्ली खिशात ठेवून दाखवले.

मुकादम घरी पोचला तेव्हा लव्हिनिया एकटीच पीठ मळत होती.

"हेस्टर कुठंय?"

"मीठ आणायला धाडलीय."

"आज? दुकानं तर बंद आहेत."

"मग येईलच परत. बसा की. चहा टाकू?"

तो पाऊण तास बसला. गावातले सगळे पुरुष कचेरीत होते. काठावर चिटपाखरू नव्हते, पाण्यावर धुके होते.

दुपारी थ्रेलकेल्डच्या होडीची साखळी तुटलेली आढळली. कुलूप शाबूत होते. कडी छिन्नीने तोडली होती. छिन्नी थ्रेलकेल्डच्याच चाकांच्या कारखान्यातली. शेरीफने त्याला चार तास बसवून घेतले. किल्ली त्याच्या खिशात निघाली आणि तोडफोडीच्या वेळी तो तीनशे माणसांपुढे उभा होता, म्हणून सोडावे लागले. लव्हिनियाच्या उजव्या तळहाताला चिंधी बांधलेली होती. तिला कुणी काही विचारले नाही. बाईचे म्हणणे वेल्बर्नमध्ये ना मतदानाच्या वहीत चढते, ना शेरीफच्या.

संध्याकाळी थ्रेलकेल्ड घरी आला. त्याने किल्ली काढून खुंटीवर टांगली.

"आता कशाला?" लव्हिनिया म्हणाली.

वेल्बर्नमध्ये तीनशे बारा मते पडली, लिंकनला एक. देशाचा निकाल मात्र लिंकनच्या बाजूने लागला. कर्नलने हेस्टरला पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केले आहे. गुरुवारी होडी चार मैल खाली, आमच्याच काठाला, पालथी सापडली. वल्ही नव्हती.

रविवारी, ११ तारखेला, लव्हिनिया दुपारभर काठावर उभी होती. पलीकडे ईनकचा लाल रुमाल दिसला नाही.