बा चिलुफ्यांचे वेगळे तस्त

मी एक जुने तस्त आहे, हात धुण्याचे. पांढऱ्या एनॅमलचे, निळ्या काठाचे, मध्यभागी लाल फूल असलेले. फुलाच्या निम्म्या पाकळ्या आता उडाल्या आहेत आणि तिथे काळा पत्रा दिसतो. माझ्या जोडीला पाणी ओतायचा एक जगही आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून आमची दोघांची हकिगत मीच सांगते. मित्रांनो, माझ्याशी बोलायला हल्ली फारसे कोणी येत नाही. त्यामुळे एकदा सुरुवात झाली की मी लांबण लावते, तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून मला आकार दिला, वर पांढरा मुलामा चढवला आणि भट्टीत भाजले. मग गवतात गुंडाळून जहाजात, जहाजातून रेल्वेत, रेल्वेतून ट्रकमध्ये असे हिंदकळत मी झांबियाच्या उत्तरेकडच्या एका गावात पोहोचले. तिथल्या बाजारात शिक्षक महाविद्यालयाचे आचारी बा कासोंदे मला पाहायला आले. 'बा' हा इथला मानाचा शब्द, स्त्री असो की पुरुष. त्यांनी मला उलटे केले, सुलटे केले, बोटाच्या पेराने वाजवून पाहिले.

"वाजवता काय? तस्त आहे ते, ढोल नव्हे," दुकानवाली म्हणाली.

"फुटकं गळ्यात मारायची तुझी जुनी खोड आहे बाई, म्हणून वाजवतोय," बा कासोंदे म्हणाले आणि मला काखोटीला मारून निघाले.

महाविद्यालयात प्राथमिक शाळेचे शिक्षक घडत. एक वर्ष तिथे शिकायचे, दुसरे वर्ष खेड्यातल्या शाळेत शिकवायचे. माझी जागा प्राध्यापकांच्या जेवणाच्या टेबलापाशी होती. दुपारी न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि वाळवलेली बारीक मासळी यायची. सगळे एकाच परातीतून हाताने जेवत. पण त्याआधी माझा मान. वयाने सर्वांत लहान असलेली विद्यार्थिनी गुडघे टेकून मला पुढे धरायची, जगातून पाणी घालायची, आणि एकेक जण माझ्यावर हात धुवायचा. दुसऱ्याने पाणी घातल्याशिवाय जेवण सुरू होत नसे. आपल्या हातांवर आपणच पाणी घेणे म्हणजे आपल्याला कोणी नाही, हे चारचौघांत कबूल करणे.

त्या दिवसांत माझा थाट काय सांगू! शिक्षणखात्याचे साहेब आले की बा कासोंदे मला राखेने घासून लख्ख करायचे. "फूल बघा फूल, जसंच्या तसं आहे," असे ते पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांना फुलात काही रस नसे, पण मला ऐकायला बरे वाटायचे.

मग ती वाईट वर्षे आली. दर आठवड्याला महाविद्यालयाची बस कुणाच्या तरी अंत्यविधीला जायची. वेळापत्रकात नावे खोडली जायची. तरुण शिक्षक वाळत जायचे आणि एक दिवस फलकावर सूचना लागायची, 'अल्पशा आजाराने निधन'. तो अल्पसा आजार कोणता, ते सर्वांना ठाऊक होते. नाव कोणी घेत नसे.

बा चिलुफ्या तिथे मुलांना वाचायला कसे शिकवावे, ते शिकवत. त्यांचे यजमानही शिक्षकच, तेही असेच गेले. मग बा चिलुफ्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली आणि एका दुपारी, हात धुऊन झाल्यावर, टेबलावर सर्वांसमोर सांगून टाकले.

"माझ्या रक्तात एचआयव्ही निघालाय. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

परातीतली न्शिमा तशीच निवून गेली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर प्लास्टिकचे एक हिरवे तस्त आले. ते बाकीच्यांसाठी. आदल्या दिवशी बा चिलुफ्यांनी माझ्यात हात धुतले होते, म्हणून मी त्यांच्या वाट्याला गेले. आम्हाला दोघांनाही कोपऱ्यातले छोटे टेबल मिळाले. "त्यांच्याच भल्यासाठी," असे प्राचार्य बा लोंबे हळू आवाजात बा कासोंदेंना सांगत होते. "त्यांना उगीच अवघडल्यासारखं नको व्हायला."

बा चिलुफ्यांसमोर गुडघे टेकायला मात्र कोणी आले नाही. मित्रांनो, एका हाताने जग धरून दोन्ही हात धुऊन बघा. जमत नाही. बा चिलुफ्या जग कोपराने कलता करायच्या, निम्मे पाणी चितेंग्यावर, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या कापडावर, सांडायचे, मग त्या ओल्या कपड्यानेच जेवायला बसायच्या. शेजारच्या टेबलावरचे सगळे त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचे पाहत असायचे.

आता बा लोंबे वाईट माणूस होते असे समजू नका. सरकारचा आदेश आला की प्रत्येक शिक्षकाला एड्सविषयी शिकवा, तेव्हा त्यांनी कंबर कसली. भिंती रंगवून घेतल्या. नाटक बसवले. टी-शर्ट वाटले. त्या विषयाचा वेगळा पेपर ठेवला. एक गाणेही रचून घेतले. हस्तांदोलनाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, एका पाण्यात हात धुतल्याने होत नाही, असे त्याचे शब्द होते. चाल इतकी झकास, की पोरे ते गाणे म्हणत, पावलांचा ताल धरत जेवणघरात यायची आणि हिरव्या तस्तापुढे रांग लावायची.

मी कोपऱ्यातून सगळे ऐकायचे.

महाविद्यालयाला जोडलेल्या लहान मुलांच्या शाळेत बा चिलुफ्या नमुन्याचे धडे घ्यायच्या. पुढे तिथून पालकांची कुरकुर आली, की ही बाई आमच्या मुलांपुढे नको. बा लोंबेंनी बा चिलुफ्यांना बोलावून पुस्तकांच्या खोलीचे काम दिले. विश्रांती, असे त्याचे नाव. शिकवणे हा बा चिलुफ्यांचा श्वास होता. घर गेले, माणूस गेला, वर्ग तेवढा उरला होता. त्यांनी फक्त एक शेवटचा तास मागितला आणि त्या तासाला त्या मला आणि जगाला घेऊन गेल्या.

"काय केल्यानं होत नाही? सांगा बरं," त्यांनी विचारले.

वर्गाने सगळे गाणेच ऐकवले. सर्वांत मोठा आवाज म्वांगो नावाच्या मुलीचा. त्या पेपरात तिचाच पहिला नंबर होता.

"शाब्बास. आता माझ्या हातांवर पाणी कोण घालतं?"

त्यांनी हात पुढे केले. मी टेबलावर, जग भरलेला. त्या तशाच हात पुढे धरून उभ्या राहिल्या. म्वांगोने मान खाली घातली. मागे कोणीतरी खोकले. बाकावरून कोणी हलले नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पेपरात पास झालात."

मला उचलून त्या पुस्तकांच्या खोलीत गेल्या आणि आमचा तिथला संसार सुरू झाला. वाळवी, धूळ आणि आम्ही. मला आतून फार एकटे वाटायचे, आणि त्यांना किती वाटत असेल ते मी त्यांच्या गप्प जेवणावरून ओळखायचे. कधी त्या रिकाम्या खोलीला वाचन शिकवायच्या. "हं, आता तू वाच," असे म्हणून थांबायच्या, आणि स्वतःच हसायच्या.

याच काळात जिल्ह्याच्या दवाखान्यात औषधे मिळू लागली. दर गुरुवारी बा चिलुफ्या बस पकडून जायच्या. हळूहळू त्यांच्या गालांवर मांस चढले, चालणे ताठ झाले. पण ते पाहायला खोलीत येणार कोण?

पहिली आली म्वांगो. खेड्यातल्या शाळेत शिकवायला गेली होती, ती सुट्टीत दारात येऊन उभी राहिली.

"बामायो, येऊ का?" बामायो म्हणजे आई.

"ये की. पुस्तक हवंय?"

"नाही. वर्गात एक मुलगी आहे. आई गेली तिची. पोरं तिला बाकावर बसू देत नाहीत, ती जमिनीवर बसते. मी त्यांना गाणं शिकवलं. सगळ्यांना पाठ झालं. ती अजून जमिनीवरच आहे."

"मग तू कुठं बसतेस?"

"खुर्चीवर."

"जमिनीवर बस. तिच्याशेजारी. तिथून शिकव."

म्वांगो रडायला लागली. मग तिने जग उचलला आणि गुडघे टेकले. कितीतरी दिवसांनी बा चिलुफ्यांनी माझ्यावर दोन्ही हात एकत्र धुतले.

त्यानंतर एके दिवशी दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना प्राचार्य बा लोंबे आले. आत येऊन त्यांनी दार लावून घेतले. त्यांचा कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"गणिताची पुस्तकं आलीत का?" त्यांनी विचारले.

"पुस्तकं मागच्या महिन्यातच आली. तुम्हीच सही केलीत."

बा लोंबे कपाटाकडे वळले. "तू गुरुवारी जातेस ते... तिथं नाव विचारतात का?"

बा चिलुफ्यांना सगळे समजले. त्यांच्या मनात राग होता की नाही, मला सांगता येणार नाही. असायला हवा होता.

"विचारतात. पण ओरडून नाही," त्या म्हणाल्या. "औषध लागू पडतं, सर. माझ्याकडे बघा. या गुरुवारी माझ्याबरोबर चला."

"लोक बघतील."

"मलाही बघतात. बघून बघून कंटाळतात. मी बसथांब्यावर तुमची वाट बघते."

गुरुवारी बा चिलुफ्यांनी एक बस सोडली, मग दुसरीही सोडली. हे त्यांनीच नंतर म्वांगोला सांगितले. बा लोंबे आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाहीत. पाऊस संपायच्या आत फलकावर सूचना लागली, 'अल्पशा आजाराने निधन'.

अंत्यविधीला सगळा गाव लोटला. दफन करून परतलेल्या माणसाने शोकघराच्या फाटकातच हात धुवायचे आणि मग आत बसायचे, ही इथली रीत. भांडी कमी पडली, म्हणून बा कासोंदेंनी मला पुस्तकांच्या खोलीतून आणले. बा चिलुफ्यांनी त्यांच्या हातातला जग घेतला, फाटकात गुडघे टेकले आणि मला समोर ठेवले.

रांग जागच्या जागी थबकली. एक प्राध्यापक म्हणाले, "आम्ही... आम्ही आत नळावर धुतो."

तेवढ्यात बा लोंबेंची म्हातारी आई काठी टेकत पुढे आली. "माझ्या लेकाच्या फाटकात पाणी नाकारून कोण आत जातो ते बघू दे मला," ती म्हणाली आणि तिने आपले सुरकुतलेले हात माझ्यावर धरले. मग दुसरा काय पर्याय होता? मेलेल्याच्या दारी पाणी नाकारता येत नाही. प्राध्यापक आले, विद्यार्थी आले, कुरकुर करणारे पालक आले. एकेकाच्या हातांवर बा चिलुफ्या पाणी घालत होत्या, आणि ते सगळे पाणी माझ्यात पडत होते.

शेवटी म्हातारीने जग मागून घेतला. "आण तुझे हात. तूच ना ती, गुरुवारी थांबलेली?"

बा चिलुफ्यांनी हात पुढे केले.

"सांगत होता मला," म्हातारी पाणी घालता घालता म्हणाली. तिला बारीक बोलता येत नसे, त्यामुळे सर्वांनीच ऐकले. "दोन्ही गुरुवारी कोट घालून फाटकापर्यंत गेला. इथवर. मग माघारी आला. म्हणाला, आई, लोक बघतील."

फाटकाशी उभ्या असलेल्या त्या लोकांपैकी कोणालाही मान वर करता आली नाही.

नवे प्राचार्य आले आणि बा चिलुफ्या वर्गात परतल्या. पेपर अजून आहे, गाणेही आहे. पण आता खेड्यात शिकवायला जाण्याआधी प्रत्येक तुकडी एका गुरुवारी बा चिलुफ्यांबरोबर बसने दवाखान्यात जाते आणि तिथल्या बाकावर आजाऱ्यांच्या मधोमध बसते. ज्याला तपासून घ्यायचे तो घेतो. कोणी कोणाला विचारत नाही. म्वांगो नोकरीला लागली आहे, तीही कधी कधी सोबत जाते.

मी मात्र पुस्तकांच्या खोलीतच राहिले. जेवणघरात नळांची रांग आली, तस्ताची कोणाला गरज उरली नाही. वरच्या फळीवर मी पालथे पडलेले असते. वाळवीची कुरकुर सोडली तर आवाज नाही. मला उचलून पुसा असे मी म्हणणार नाही, मित्रांनो. माझे काय, मी पत्रा आहे.

पण बा लोंबे मला आठवतात. त्यांनी सगळ्या भिंतींवर खरे तेच लिहिले होते. औषध एका बसच्या अंतरावर होते. त्यांना माहिती कमी नव्हती, लोकांची भीती मात्र फार होती, आणि ते लोक म्हणजे आपणच. म्हणून एवढेच मागते. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, असे कोणी कोट घालून फाटकाशी घुटमळताना दिसले, तर खिडकीतून बघत राहू नका. चपला घाला आणि त्याच्याबरोबर निघा.