न धुतलेली पाठ

मी बेडकाच्या पाठीवरचा एक जिवाणू. रंगाने जांभळा. सुईच्या टोकावर आमची अख्खी भावकी मावेल, पण म्हणून आम्हाला कुणी हलक्यात घेऊ नये.

माझा जन्म ओढ्याकाठी, एका बेडकीच्या ओल्या पाठीवर झाला. बाप दुभंगला, त्यातला अर्धा मी. बेडूक कातडीनेच पाणी पितो, बराचसा श्वासही तिथूनच घेतो. म्हणजे आम्ही त्याच्या उंबऱ्यावर बसलेलो. बुरशी आली की आम्ही आमचं जहर सोडतो. तिची वाढ खुंटते.

मला डोळे नाहीत. कातडीला जे कळतं, ते मला कळतं.

ओढ्यात बुरशीची साथ आली. उरलेले आठ बेडूक वाचवायला माणसांनी ते एका खोलीत आणून काचेच्या पेट्यांत ठेवले. तिथे एक संशोधक ताई होती आणि बेडकांची देखभाल करणारे मामा.

"मामा, सगळ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवून काढा."

मामांनी सात बुडवले. त्यांच्यावरचे माझे भाऊबंद एका बुडीत संपले. माणूस जे दिसत नाही त्याला घाण का समजतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

तरी महिन्याभरात बुरशी शिरलीच. कुठून, कोण जाणे. सातांची कातडी सोलवटली. उताणं केलं तर त्यांना पालथं होता येईना. दोन मेले. आमची बेडकी मात्र टुणटुणीत.

ताई वैतागली. "हिलाच कसं काही होत नाही?"

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "ताई, हिला धुतलीच नाही. मोरीच्या पाइपामागे जाऊन बसली, हात पोचेना. दुसऱ्या दिवशी सापडली तेव्हा म्हटलं, कोण बघतंय! रोग हिनेच आणला असेल. माझ्यामुळे मेले ते."

"आणि हे आज सांगताय?"

"लाज वाटली. तीस वर्षांत कधी कामचुकारपणा केला नव्हता."

ताई बेडकीच्या पेटीवर वाकली. "मामा, रोग कुठून आला ते देव जाणे. पण औषध हिच्या पाठीवर असेल, तर तुमचा कामचुकारपणा आधीच व्हायला हवा होता!"

तिने कापसाचा बोळा पाठीवरून फिरवला. मी त्याला चिकटलो. बशीतल्या थलथलीत खाण्यावर माझी पिलावळ वाढली. जांभळा डाग पडला. तो पाण्यात कालवून पाच आजारी बेडकांना त्यात बसवलं. तीन उठले. दोन नाही उठले. आम्ही काही देव नव्हे.

आज चारही पाठींवर आम्ही आहोत. आम्हाला ओढ्यावर आणलंय. बुरशी इथेच आहे. टिकू की नाही, ठाऊक नाही.

मामांनी डब्याचं झाकण काढलं, खाली वाकले. "सांभाळा रे यांना."

"कुणाशी बोलताय, मामा?"

"जे दिसत नाहीत त्यांच्याशी."

माणूस आमच्याशी बोलला तो हा पहिलाच. दिसत नसलो, तरी ऐकलं आम्ही. बेडकीने उडी मारली आहे. येतो.